हेराल्डच्या चासीवर घरी बांधलेली किट कार: 14 महिने, 3,800 मैल आणि एक मोडलेलं चाक

मागच्या महिन्यात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, चालत्या माणसाच्या स्पीडला, गाडीचं पुढचं डावं चाक मोडून मडगार्डखाली आडवं झालं. आवाज म्हणाल तर अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच. बायको ट्रॉली घेऊन समोर उभी होती, ती आधी हसली, तिला वाटलं मी मुद्दाम काहीतरी करतोय. त्यामुळे एक वर्ष झालं की निवांत लिहीन म्हणून ठेवलेला हा रिव्ह्यू आता थोडा चिडून लिहितोय, तेवढं समजून घ्या.

गाडी काय आहे ते थोडक्यात, किट कार म्हणजे जुन्या गाडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, सुट्या भागांच्या किटची वेगळी बॉडी बसवून बनवलेली गाडी. डोनर, म्हणजे जिची चासी आणि इंजिन घेतलं ती गाडी, 1969 ची ट्रायम्फ हेराल्ड 13/60, म्हणजे 1296 सीसी, एक स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, 61 हॉर्सपॉवर (नवी असताना, आता किती उरलेत देव जाणे). वरची बॉडी एका माणसाच्या शेडमध्ये तीसेक वर्षं पडून असलेल्या अर्धवट किटची, जुन्या एमजीसारखी दिसणारी, प्लायवूडचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा आणि फायबरचे मडगार्ड. किट कोणाचं ते सांगत नाही, कारण बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले आणि सोबतच्या झेरॉक्स पुस्तिकेबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. त्यातले फोटो इतके काळे की "आकृती 14 प्रमाणे ब्रॅकेट बसवा" म्हणजे अमावस्येला विहिरीत बघितल्यासारखं.

हेराल्डच का, हे मला सगळे विचारतात. मी राहतो इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत. ही गाडी जिथं बनायची तो कॅनलीचा कारखाना माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होता, 1980 ला तिथं गाड्या बनणं बंद झालं, आता ऑफिसं आहेत आणि रस्त्याला फक्त हेराल्ड अॅव्हेन्यू नाव उरलंय. पण खरं कारण तांत्रिक आहे. 1953 मध्ये बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या प्रतिस्पर्धी कंपनीनं फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी विकत घेतली आणि स्टँडर्ड-ट्रायम्फवाल्यांची पंचाईत झाली, अख्खी बॉडी एका ठिकाणी करून देणारं कोणी हाताशी राहिलं नाही. मग 1959 ला हेराल्ड आली ती वेगळी चासी आणि वर तुकड्यातुकड्यांत बोल्टनं जोडलेली बॉडी घेऊन, डिझाईन इटलीच्या मिकेलोत्तीचं. बाकीचं जग मोनोकॉककडे, म्हणजे चासी आणि बॉडी एकच असलेल्या गाड्यांकडे, चाललेलं आणि हे उलटे. पण त्याचा फायदा असा की बॉडी गंजून चाळण झाली तरी ती काढून टाका, खाली इंजिन, स्टिअरिंग, ब्रेकसकट चालती चासी उरते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या किटवाल्यांना आयतंच मिळालं. (ट्रायम्फच्याच स्पिटफायर या स्पोर्ट्स कारची चासी पण याचीच लहान बहीण, पण तिला बाजूचे रेल नाहीत, ताकद बॉडीच्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पट्टीत आहे, म्हणून बॉडी उतरवायच्या आधी कुठली चासी आहे ते बघा.)

आणि दुसरं कारण म्हणजे कोल्हापूरचे काका. त्यांच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनायची ती. लहानपणी त्या गाडीचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढं उघडायचं आणि मी आतल्या टायरवर बसून काकांना पाने द्यायचो. सात-सोळाचा पाना कुठला हे मला अ आ ई आधी कळलं असेल.

बांधायला 26 महिने लागले, मी नऊ सांगितले होते. कागदांचं एकच सांगतो, चासी कापू नका. 2024 ला मी केलं तेव्हा नियम असा होता की मूळ चासी न बदलता आणि अजून दोन मुख्य भाग त्याच गाडीचे ठेवले तर जुना नंबर राहतो. मी एक भोकसुद्धा जास्तीचं पाडलं नाही आणि प्रत्येक स्टेजचे फोटो काढले, नंबर राहिला, 40 वर्षांवरची म्हणून टॅक्स शून्य. एमओटी, म्हणजे गाडीची सुरक्षा तपासणी, मात्र दरवर्षी करून घेतो.

बॉडी बसवल्यावर पहिला धक्का मागच्या चाकांनी दिला. या गाडीला मागे आडवा कमानपाटा आहे, डिफरन्शियलच्या डोक्यावर बोल्ट केलेला, आणि स्विंग अॅक्सल, म्हणजे चाक वरखाली होताना सोबत तिरकंही होतं. तो पाटा हेराल्डच्या लोखंडी बॉडीच्या वजनाला बनवलेला. माझी नवी बॉडी हलकी, त्यामुळे मागचा भाग वर उचलला आणि चाकं वरून बाहेर, खालून आत, एकदम फेंगडी. दिसायला विनोदी पण वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं चाक अजून आत दुमडतं आणि मागचा भाग निसटतो, हा प्रकार जीवावरचा आहे. मी आधी मागे सिमेंटच्या दोन पिशव्या टाकून बघितलं, 50 किलोत चाकं सरळ झाली, दोन आठवडे तसाच फिरलो. मग पाटा काढून एक पान कमी केलं आणि खाली ब्लॉक घातला. पिशव्यांचं पुढं काय झालं विचारू नका, एक ओलसर गॅरेजमध्ये गोठून दगड झाली, अजून आहे, जॅक लावताना दुसऱ्या चाकाला उटी म्हणून छान उपयोगी पडते.

त्यानंतरचं एक वर्ष खरं सांगतो, मी या गाडीच्या प्रेमात होतो. सगळ्यात जास्त प्रेम तिच्या वळण्यावर. हेराल्डचा टर्निंग सर्कल 25 फूट आहे, लंडनच्या काळ्या टॅक्सीइतका. म्हणजे आमच्या गल्लीत, जिथं शेजाऱ्याची फोर्ड तीन वेळा मागंपुढं करते, तिथं मी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून एका दमात गोल वळायचो. गाडीत नवीन कोणी बसलं की आधी हे दाखवायचो. पोरांना दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, एकदा रिकाम्या पार्किंगमध्ये सलग सहा गोल मारले. चाकं इतकी वळलेली असतात की बसल्या जागेवरून पुढचं टायर तिरकं दिसतं.

आणि मोडलं ते नेमकं त्या फुल लॉकलाच, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलेलं असतानाच.

आता ट्रनियन. पुढच्या चाकाचा उभा लोखंडी दांडा असतो, व्हर्टिकल लिंक, त्याला वर बॉल जॉइंट आहे पण खाली नाही. खाली त्या दांड्याला आटे पाडलेत आणि तो ब्राँझच्या एका ठोकळ्यात बाटलीच्या झाकणासारखा फिरतो, तो ठोकळा म्हणजे ट्रनियन. स्टिअरिंग फिरवलं की दांडा आट्यांवर वरखाली सरकतो. एका बाजूला सरळ आटे, दुसऱ्या बाजूला उलटे, त्यामुळे डावं-उजवं अदलाबदल चालत नाही. कल्पना हुशार आहे, लोटसनं इलानला हीच व्यवस्था घेतली होती. अट एकच, त्यात तेल लागतं. ग्रीस नाही, तेल, गिअरबॉक्सचं ईपी 90. ट्रायम्फच्या मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय. ग्रीस आट्यांच्या खालपर्यंत पोचत नाही, वर घट्ट होऊन बसतं, आत पाणी शिरतं, दांडा गंजतो, बारीक चीर पडते आणि एक दिवस पूर्ण वळवलेल्या चाकावर वजन आलं की संपलं. बरं नशीब एवढंच की हे बहुतेक वेळा पार्किंगच्या स्पीडला होतं. मोटरवेवर झालं असतं तर रिव्ह्यू दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता.

फेब्रुवारीत माझी कंबर धरली होती म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा ही गाडी सर्व्हिसला बाहेर दिली. एक क्लासिक गाड्यांचं गॅरेज, भिंतीवर जुन्या रॅलीचे फोटो वगैरे, 180 पौंड. बिलावर ओळ होती, ऑल पॉइंट्स ग्रीस्ड. तेव्हा वाचून बरं वाटलं होतं मला! चाक मोडल्यावर तेच बिल घेऊन गेलो. 310 पौंडाचे नवे लिंक-ट्रनियन-बुश आणि 95 टो करून आणायचे, एवढे द्या म्हटलं. मालक म्हणाला जुनी गाडी आहे, शिवाय किट कार, कोणी काय बांधलंय आम्हाला काय माहीत. हे "कोणी काय बांधलंय" फार लागलं. मग तीन आठवडे ईमेल, शेवटी ते 60 पौंड परत द्यायला तयार झाले, उपकार म्हणून. मी पत्राचा मसुदा करून ठेवला, छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाणार म्हणून, चार पानं, बिलाच्या ओळीला पिवळा हायलायटर.

मधल्या काळात काकांना व्हिडिओ कॉलवर तुटलेला तुकडा दाखवला. काका 81 वर्षांचे, ऐकायला कमी येतं पण हे बरोबर ऐकलं. म्हणाले, "ग्रीस मारलंस त्यात? अरं लेका, नव्वद नंबरचं तेल मागतंय ते. आमचा मिस्त्री पिचकारीनं घालायचा, वरनं गळायला लागलं की बस म्हणायचा." मी म्हटलं काका मी नाही, गॅरेजवाल्यानं मारलं. ते म्हणाले, "तो तुकडा जरा उजेडात धर की."

धरला. आणि इथं माझं मत बदललं, म्हणजे बदलावंच लागलं. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळपट तपकिरी, गंजलेला, जुना. फक्त कडेचा चंद्रकोरीएवढा भाग चकचकीत करडा, म्हणजे त्या दिवशी पार्किंगमध्ये तेवढाच तुटला. बाकीची चीर पाच महिन्यांची नव्हतीच, काही वर्षांची होती. ट्रनियनच्या आतलं ग्रीस नखानं उकरलं तर जुन्या मेणासारखं, पिवळं, आणि त्यावर गॅरेजवाल्याचं नवं काळं ग्रीस वेगळं दिसत होतं. पिवळं कोणाचं? फोनमध्ये 2022 चे फोटो शोधले. मीच. हातात ग्रीसगन, मागे चासी, अंगठा वर. आणि हे लिंक बदलायचे का हा प्रश्न तेव्हा आला होता, नवी जोडी महाग वाटली म्हणून जुन्याच वायर ब्रशनं घासून काळा रंग मारून बसवल्या. रंग मात्र दोन हात.

मॅन्युअलचं ते पान मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण निपल (ग्रीसगन लावायची बोंडी) दिसला की ग्रीस मारायचं हे हातात बसलंय, आणि तिथं तेलासाठी तात्पुरता निपलच लावतात, म्हणून गंमत.

तरी गॅरेजला मी निर्दोष सोडत नाही. जो माणूस क्लासिक ट्रायम्फचा स्पेशालिस्ट म्हणून बोर्ड लावतो त्यानं त्या जागी ग्रीस मारायचंच नसतं, आणि माझं पिवळं ग्रीस त्याला दिसायला हवं होतं. कोर्टाचं पत्र फाडलं, 60 पौंड घेतले. त्यातल्या आठ पौंडात ईपी 90 चा एक लिटर आला, आता मला जन्मभर पुरेल.

दुरुस्ती मी स्वतःच केली, दोन शनिवार. नवा ट्रनियन पूर्ण आटे बसेपर्यंत फिरवायचा आणि मग जास्तीत जास्त एक फेरा मागे घ्यायचा, नाहीतर पूर्ण वळवताना तळाला टेकतो. तेल घालायला ग्रीसगनमध्ये तेल भरलं, तर ते हॅन्डलपासून, नळीपासून, सगळीकडून गळतं, ट्रनियनमध्ये जेवढं गेलं त्याच्या दुप्पट ड्राइव्हवेवर. बायकोनं तिथं पुठ्ठा अंथरलाय, फ्रिजच्या खोक्याचा, तो आता कायमचा.

बाकीच्या गोष्टी भराभर. हूड, म्हणजे वरचं छत, गळतो, ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर, नेमका तिथंच, 14 महिन्यांत चार प्रकारचं सीलंट लावून झालं. वायपर काचेचा पोस्टकार्डाएवढा तुकडा साफ करतो. हीटर नाही, इंजिनची ऊब पायाला लागते ती जुलैत नको असते. पेट्रोल साधं ई10 घालू नका, इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, मी महागडं ई5 घालतो आणि दर वेळी पंपावर जीव जळतो. इंजिनानं आजवर काही तक्रार केलेली नाही, फक्त क्लच दाबल्यावर पुढची पुली मागंपुढं हलते का ते दर महिन्याला बघतो, थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकशाफ्टला मागंपुढं सरकू न देणाऱ्या चकत्या, पडायची सवय आहे या इंजिनांना.

खर्च आत्तापर्यंत 7,640 पौंड, घरी 4,000 सांगितले होते. एवढ्यात चांगली जुनी माझदा एमएक्स-5 आली असती, हीटरसकट. हा हिशोब मला दाखवू नका, मला तो पाठ आहे.

स्टार द्यायचे तर बॉडीला दोन, पुस्तिकेला शून्य, चासीला मी रागात दोन देणार होतो, आता चार देतो. पाचवा गेला तो खाली बॉल जॉइंट न लावल्याबद्दल.

काकांचा दर रविवारी फोन येतो, आधी तब्येत नाही, आधी "तेल घातलंस का?" परवा विचारत होते, अजून तशीच वळती का रं एका दमात? वळत असेल. मी अजून स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलेलं नाही, गल्लीत फोर्डवाल्यासारखं तीनदा मागंपुढं करतो.