देवाची प्रीती: निवडलेल्यांवर की सगळ्यांवर सारखी?

बायबलमधले याकोब आणि एसाव जुळे भाऊ. तरी देवाने एकावर प्रीती केली, दुसऱ्याचा द्वेष केला, असं संदेष्टा मलाखी लिहितो आणि प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ९व्या अध्यायात तेच वचन पुन्हा घेतो. १६१८-१९ साली नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने ठरवलं की तारणासाठीची, म्हणजे पापातून सुटकेसाठीची, निवड देव स्वतःच्या मर्जीने करतो, माणसाची लायकी पाहून नाही. यात मोठा दिलासा आहे: जे माझ्या कमाईचं नाही, ते माझ्या चुकीने जाणारही नाही. पण मग न निवडलेल्याचं काय?

इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीला हाच प्रश्न छळत होता. १७३९ साली ब्रिस्टलमध्ये त्याने प्रवचन केलं की कृपा सर्वांसाठी मोकळी आहे. त्यावरून जिवलग मित्र जॉर्ज व्हाइटफील्डशी त्याचं बिनसलं. इथे अडचण उलटी: प्रीती सगळ्यांना सारखी, तर काहीजण दूर का राहतात? वेस्ली म्हणे, माणूस ती नाकारू शकतो.

मला वेस्ली पटतो, आणि तोही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यामुळे. संध्याकाळचे पाच वाजलेत, काही मजूर अजून बाजारात उभे आहेत. का, विचारल्यावर म्हणतात, "आम्हाला कोणी कामावर लावलं नाही." मालक त्यांनाही मळ्यात पाठवतो. तासाभराने त्यांच्या हातावरही पूर्ण दिवसाचा दीनार पडतो, आणि पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. त्यांचं काहीच कमी झालेलं नसतं.