चार टीबीच्या एसएसडीत निघालं १२८ जीबीचं कार्ड

ऑनलाइन मोठी एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) घ्यायच्या विचारात असाल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. 'सोळा टीबी फक्त दोन हजारांत' अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांना आता शाळेतली पोरंही भुलत नाहीत. आमची फसवणूक त्या जातीची नव्हती. चार टीबी म्हणजे चार हजार जीबी, किंमत ११,९०० रुपये, हातात घेतल्यावर वजनदार लागणारी धातूची डबी, सी-टाइप केबल, साडेचार तारे. खरी वाटावी इतपतच स्वस्त.

आम्ही म्हणजे कुडाळ-सावंतवाडीकडची काही हौशी मंडळी. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकं रेकॉर्ड करून ठेवायची, एवढाच उद्योग. पैसे वर्गणीचे. फोर-केमध्ये सेकंदाला शंभर मेगाबिटने शूट केलं की तासाला ४५ जीबी होतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतं, म्हणजे सहा तास धरा, आणि कॅमेरे दोन. एका रात्रीचे साडेपाचशे जीबी. चार टीबीसुद्धा सात रात्रींत भरते, त्यामुळे 'एवढी मोठी कशाला' हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता भावाचा. नावाजलेल्या कंपनीची चार टीबीची पोर्टेबल एसएसडी तेव्हा पंचवीस हजारांच्या वर होती. २०२३ मध्ये एसएसडीत वापरतात त्या फ्लॅश मेमरी चिपचे भाव कोसळले होते, मग कंपन्यांनी उत्पादन कमी केलं आणि भाव पुन्हा चढले. आम्ही नेमके चढत्या भावात सापडलो. आमचे खजिनदार काका म्हणजे पैसा न् पैसा मोजणारे. "पंचवीस हजार कित्याक? निम्म्यात गावता मा?" असं त्यांनी विचारलं आणि बैठकीत त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आज आहे. चार टीबीची साधी फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क त्या वेळी दहा-अकरा हजारांना मिळत होती. आमची 'एसएसडी' जवळपास त्याच भावात विकली जात होती. फ्लॅश चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सॅनडिस्क, चीनची वायएमटीसी अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळे त्यांच्याकडून चिप घेऊन डब्या भरतात. म्हणजे ब्रँड कितीही किरकोळ असो, आतली चिप विकत घ्यावीच लागते. दहा-वीस टक्के स्वस्त समजू शकतं. हार्ड डिस्कच्या भावात एसएसडी मिळत असेल तर चिपच्या जागी दुसरंच काहीतरी भरलेलं असतं.

डबी आली. कॉम्प्युटरला लावली, ३.६३ टीबी दाखवलं. खऱ्या चार टीबीलाही विंडोज तेवढंच दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. म्हणजे नकली बनवणाऱ्याने हाही हिशोब सांभाळला होता. पहिल्या जत्रेचं शूटिंग कॉपी केलं. वेग मंद वाटला, पण त्याचं खापर जुन्या लॅपटॉपवर फुटलं. सुरुवातीच्या फाइली उघडून पाहिल्या, चालल्या. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट केली आणि पुढच्या जत्रेला निघालो. असं करत हंगामाचा चांगला मोठा भाग त्या डबीत गेला, निदान आमच्या समजुतीप्रमाणे.

एडिटिंगला बसल्यावर उलगडा झाला. पहिल्या रात्रीच्या एका कॅमेऱ्याचा गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, संकासूर आला, आणि आख्यान थोडं सरकतंय तोवर पडदा काळा. त्यापुढची एकही फाइल उघडेना. नावं बरोबर, आकार बरोबर, तारखा बरोबर, आत मात्र नुसती शून्यं. संकासुराने वेद पळवले तेव्हा सोडवायला विष्णू तरी आला होता.

सावंतवाडीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या मित्राने स्क्रू काढून डबी उघडली. "ही एसएसडी नाय रे, कार्ड आसा आतमधी," म्हणाला. नखाएवढी पट्टी, तिच्यावर यूएसबीचा कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलणारी चिप, आणि गरम गोंदाने चिकटवलेलं १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड. उरलेल्या जागेत लोखंडाची एक चकती, तीही चिकटवलेली. ज्या वजनाला आम्ही 'दणकट' म्हणत होतो ते वजन हे होतं.

ही लबाडी कशी चालते ते समजून घ्या, कारण ते कळलं की पकडायचं कसं तेही कळतं. कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, क्षमतेचा खोटा आकडा भरलेला असतो. कॉम्प्युटर विचारतो, जागा किती? डबी सांगते, चार टीबी. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो. शंभर पानी वहीवर तीन हजार पानांचे आकडे घालावेत, तसं. खरी जागा संपली की दोनपैकी एक गोष्ट घडते. काही डब्या पुन्हा सुरुवातीकडे वळून जुन्या फाइलींवरच लिहू लागतात. आमच्यासारख्या डब्या पुढचं सगळं हवेत सोडून देतात आणि 'लिहून झालं' असं बिनदिक्कत कळवतात. फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते, तो भाग खरा असतो, म्हणून नावं आणि आकार शाबूत दिसतात. कॉपी करताना कुठेही एरर येत नाही.

याचा दुसरा अर्थ जास्त जिव्हारी लागणारा आहे. हा डेटा परत मिळत नाही. तो उडालेला नाही, तो कधी लिहिलाच गेलेला नाही. तरीही एका डेटा रिकव्हरीवाल्याने 'बघतो, आधी तपासणीचे पैसे भरा' असं सांगितलं. देऊ नका. आम्हाला जे थोडं सापडलं ते कॅमेऱ्याच्या एका कार्डावर. ते फॉरमॅट केल्यावर पुन्हा वापरलं गेलं नव्हतं, त्यामुळे फोटोरेक या फुकट सॉफ्टवेअरने बऱ्याच क्लिप काढून दिल्या. असा प्रसंग आला तर जुन्या कार्डांना आधी हात लावायचं थांबवा.

मग ते साडेचार तारे? नीट खाली जाऊन वाचलं तर निम्मे अभिप्राय मोबाइलच्या कव्हरचे होते. 'रंग छान, फिटिंग बरोबर.' जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून त्यावर नवी वस्तू चढवायची आणि तारे फुकटात मिळवायचे, ही तिथली जुनी युक्ती. उरलेले अभिप्राय खरे असतीलही, पण ते डबी आल्या दिवशी लिहिलेले. पहिल्या १२८ जीबीपर्यंत ही वस्तू उत्तमच चालते! एक तारा देणारे दोघे-तिघे होते, त्यांनी 'फाइली उघडत नाहीत' असं स्पष्ट लिहिलं होतं. कुठलीही साठवणुकीची वस्तू घेताना आधी हे एका ताऱ्याचे अभिप्राय वाचा.

आता तपासणी. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचणं. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ-थ्री, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. पण यात मेख आहे. नकली डब्या आतून बहुधा यूएसबी २.० च्या असतात. सेकंदाला वीस एमबी वेग धरला तर १६ टीबी नुसती लिहायला नऊ दिवसांहून जास्त लागतात, आणि माल परत करायची मुदत असते सात किंवा दहा दिवस. हा मंदपणा विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो, तुम्ही पूर्ण भरून बघेपर्यंत तो मोकळा. म्हणून आधी झटपट चाचणी करा. लिनक्सवर एफ-थ्रीमधला प्रोब किंवा विंडोजवरचं व्हॅलिड्राइव्ह ड्राइव्हभर ठिकठिकाणी लिहून लगेच वाचून पाहतं आणि खोटी जागा थोड्याच वेळात उघडी पाडतं. ड्राइव्ह रिकामी असतानाच करा. दुसरी खूण वेगाची. एसएसडी म्हणवणारी वस्तू चांगल्या पोर्टला लावूनही तीस-चाळीस एमबीच्या वर जात नसेल, तर मुदत संपायची वाट बघू नका.

बॉक्सही बघा. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या बॉक्सवर फक्त मोठ्या अक्षरात '४ टीबी' होतं.

तर मग पंचवीस हजारवाली घेतली असती तर निर्धास्त झोप लागली असती का? नाही, आणि हे नाव बघून डोळे मिटणाऱ्यांसाठी लिहितोय. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल ड्राइव्ह डेटासकट अचानक बंद पडू लागल्या. तेव्हाची मालक कंपनी वेस्टर्न डिजिटलला फर्मवेअर सुधारून द्यावं लागलं, अमेरिकेत दावेही दाखल झाले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने २०१९ मध्ये जाहीर केलं की सर्व्हरमधल्या त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या मरतात. दोष फर्मवेअरमधला, आणि त्या ड्राइव्ह काही स्वस्तातल्या नव्हत्या. पण फरक बघा. दोन्ही वेळा कंपनीला समोर येऊन काहीतरी करावं लागलं. जास्त पैसे मोजून खात्री मिळत नाही, जाब विचारायला पत्ता मिळतो. आणि वॉरंटीत नवी ड्राइव्ह मिळते, आख्यान मिळत नाही.

खऱ्या मालातही भावाचा फरक असतो आणि तो समजून पैसे वाचवता येतात. चिपच्या एका पेशीत तीन बिट ठेवणारी ती टीएलसी, चार ठेवणारी क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त, पण सलग मोठ्या फाइली टाकत राहिलं की वेग घसरतो आणि लिहिण्याची मर्यादाही कमी. सॅमसंगच्याच दोन चार टीबीच्या ड्राइव्ह घ्या. ८७० एव्होला कंपनी २,४०० टीबी लिहिण्यापर्यंत वॉरंटी देते, ८७० क्यूव्होला १,४४०. आम्ही वर्षाला फार तर वीस-पंचवीस टीबी लिहिणार, म्हणजे आमच्यासारख्याला क्यूएलसीसुद्धा आयुष्यभर पुरेल. ही बचत रास्त आहे. हिच्यासाठी काकांनी जरूर भांडावं.

त्याहून मोठी बचत वेगळीच आहे. नुसतं ठेवायचं असेल तर एसएसडी घेऊच नका. फ्लॅशमधला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न देता ठेवला तर हळूहळू झिरपतो. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांत विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेची अपेक्षा. नवी ड्राइव्ह पुष्कळ जास्त टिकवते, पण मे महिन्यातलं कोकणातलं कपाट ३० अंशांवर थांबत नाही. आता आम्ही जत्रेत एक टीबीची खरी, बिल असलेली एसएसडी नेतो. घरी आल्यावर दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कवर प्रत करतो आणि दोन्हीकडे शेवटच्या फाइली उघडून बघतो. त्यातली एक डिस्क दुसऱ्या गावात राहते. तोवर कार्ड फॉरमॅट होत नाही, कोणी कितीही घाई करो.

तक्रारीबद्दल. विक्रेत्याचा फोन लागलाच नाही. साइटने 'मुदत संपली' म्हणून हात वर केले. मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. सोबत उघडलेल्या डबीचे फोटो, चाचणीचे स्क्रीनशॉट, बिल आणि बॉक्सचे फोटो जोडले. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो, हे त्यात लिहिलं. त्यानंतर भाषा मऊ झाली आणि पैसे परत आले. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. अनोळखी वेबसाइटवर थेट यूपीआयने पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन करा.

पैसे आले, विषय संपला असं मंडळींचं म्हणणं होतं. मग गेल्या आठवड्यात तोच फोटो, तीच डबी दुसऱ्या नावाने विकायला लागलेली दिसली, किंमत १२,४९९. या वेळी खालचे जुने अभिप्राय पाण्याच्या बाटलीचे आहेत.