जानेवारीत बसली, मेमध्ये उठली: गच्चीवरच्या टाइल्समधली फसवणूक

जुळे सोलापुरातल्या एका घराची गच्ची, ६०० चौरस फूट. जानेवारीत पांढऱ्या 'उष्णतारोधक' टाइल्स बसल्या, फेब्रुवारीत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता चुकता झाला. मेमध्ये एका दुपारी धाडकन आवाज झाला आणि मधल्या दोन रांगा तंबूसारख्या वर आल्या. ठेकेदाराचं उत्तर तयार होतं: "मालच खराब निघाला, मिस्त्री काय करणार?" टाइल उलटी केली तर पाठ जवळपास कोरी. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे साध्या सिमेंटचे पाच गोळे. बिलात मात्र टाइल चिकटवायच्या ॲडहेसिव्हच्या, म्हणजे मिस्त्री ज्याला नुसतं 'केमिकल' म्हणतात त्याच्या, १२ गोण्या लावलेल्या.

शहाबादी फरशी सिमेंट-वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या टिकली, म्हणून हेही टिकेल असं सांगितलं जातं. ते खोटं आहे. शहाबादीची पाठ खडबडीत, ती थोडं पाणी ओढते आणि सिमेंट तिला धरतं. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल ०.५ टक्क्यांहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटचा घोळ वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. त्यात पाच गोळ्यांच्या मधली जागा पोकळ. पावसात तिथे पाणी साचतं, आणि कोपऱ्यावर जड पाय पडला की टाइल तडकते.

थंड देशांत घर उबदार ठेवायला फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकतात. तिथे राहत्या खोलीची जमीन साधारण २९ अंशांपुढे तापू देत नाहीत, तरीही लवचिक ॲडहेसिव्ह आणि प्रसरणाचे सांधे ठेवतात. आपल्या गच्चीवर तर चाळिशीपलीकडचं ऊन थेट पडतं. २० फुटांची रांग ३५ अंशांनी तापली की सव्वा ते दीड मिलिमीटर वाढते. जानेवारीच्या गारव्यात टाइलला टाइल भिडवून बसवली, चारी बाजूंना पॅरापेटपर्यंत, म्हणजे कठड्यापर्यंत, सिमेंटने बुजवली, तर वाढलेली लांबी जाणार कुठे? सगळ्यात कच्च्या पकडीच्या जागी ती वर येते. 'जॉइंट दिसणारच नाही, एकदम प्लेन' हे आमिष गच्चीसाठी घातकच.

चोरी पकडायची तर गोण्या मोजा. ३ मिलिमीटर थरात २० किलोची गोणी साधारण ४५ ते ५५ चौरस फूट जाते, म्हणजे ६०० फुटांना ११ ते १३ गोण्या. रिकाम्या गोण्या काम संपेपर्यंत घरातच ठेवून घ्या. या गच्चीवर बिलातल्या १२ निघाल्याच नसत्या, पण कुणी मागितल्याच नाहीत. गोणी तुमच्यासमोर फोडायला लावा, कारण अर्धी गोणी आणि अर्धं सिमेंट असा मेळ घमेल्यात गेल्यावर ओळखू येत नाही. गोणीवर आयएस १५४७७ (टाइल ॲडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप ३ किंवा वरचा प्रकार असावा. लवचिकतेसाठी एस१ लिहिलेलं असेल तर उत्तम.

लावताना दातेरी थापी हवी, आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही ॲडहेसिव्हचा पातळ हात. पाठीवरची पांढरी पूड आधी ओल्या स्पंजने पुसायची. उन्हात ॲडहेसिव्हवर लवकर साय धरते. बोट लावल्यावर चिकटलं नाही, तर तो थर खरवडून फेकायचा, पाणी शिंपडून चालवायचा नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दर वीस-पंचवीस टाइल्समागे एक ओली असतानाच उचलून बघा: गच्चीवर पाठीचा ९५ टक्के भाग माखलेला हवा. मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या.

दोन टाइल्समध्ये ३ मिलिमीटरचा स्पेसर, दर ८ ते १२ फुटांवर दोन्ही दिशांना प्रसरण-सांधा, पॅरापेटलगत ६ ते ८ मिलिमीटर मोकळं. या सांध्यांत ग्राउट (फटीत भरायचं कडक होणारं सिमेंटी मिश्रण) नाही, रबरासारखं ताणलं जाणारं पीयू सीलंट. त्याआधी १०० ला १ उतार आणि वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून चाचणी. टाइल्स बसल्यावर गळती शोधणं फार महागात पडतं.

'उष्णतारोधक' शब्दावरही जाऊ नका. साधी पांढरी पार्किंग टाइल त्या नावाने खपवली जाते. खऱ्या मालाला एसआरआय, म्हणजे ऊन परतवून कमी तापण्याची क्षमता सांगणाऱ्या आकड्याचा चाचणी अहवाल असतो. तो मागा आणि खोक्यावरचं नाव, बॅच जुळवा.

उठलेल्या गच्चीवर दुसरी फसवणूक होते: ड्रिल मारून सिमेंटचं पाणी सोडायचं आणि वेगळे पैसे घ्यायचे. सांधे नसतील तर पुढच्या उन्हाळ्यात तेच. नाण्याने ठोकून बद्द वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने खूण करा, त्या काढून तळ साफ करून ॲडहेसिव्हवर पुन्हा बसवा, आणि कटरने सांधे पाडून सीलंट भरा. नव्या कामाच्या करारात गोण्यांची संख्या, सांध्यांचं अंतर आणि जूनअखेर द्यायची १० टक्के रक्कम लिहून घ्या.