ओपीएनसेन्स फायरवॉल: पतसंस्थेच्या नेटवर्कला आतून लावलेल्या कड्या

तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात आणि तिच्या शाखांमध्ये ओपीएनसेन्स ही फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधील वाहतूक नियमांनुसार सोडणारी वा अडवणारी यंत्रणा, बसवून आता बराच काळ लोटला आहे. तिची रोजची देखभाल माझ्याकडे असल्याने तिचे गुण आणि तिच्या मर्यादा या दोहोंविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. माझे मत आधीच नोंदवतो. ज्या संस्थेत नेटवर्कची जाण असलेली, निदान ते शिकण्याची तयारी असलेली एक तरी व्यक्ती आहे, त्या संस्थेने ही फायरवॉल जरूर घ्यावी; मात्र बाहेरचे हल्ले अडवणारी पेटी एवढ्याच समजुतीने ती बसवली, तर तिचा निम्म्याहून अधिक उपयोग वाया जाईल. तिचे खरे मोल संस्थेच्या आतल्या नेटवर्कचे भाग पाडण्यात आहे.

ओपीएनसेन्सचे मूळ मोनोवॉल या जुन्या मुक्त प्रकल्पात आहे. त्यातून २००४ मध्ये पीएफसेन्स निघाली आणि पीएफसेन्समधून जानेवारी २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेसिसो या कंपनीने ओपीएनसेन्स वेगळी काढली. ती फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर चालते, तिचा सोर्स कोड खुला आहे आणि दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये तिची मोठी आवृत्ती येते. सशुल्क व्यावसायिक आवृत्तीही मिळते, पण आमचे काम मोफत आवृत्तीवर व्यवस्थित चालले आहे. लहान संस्थांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. अनेक तयार उपकरणांमध्ये वार्षिक परवान्याची मुदत संपली की सुरक्षेची अद्ययावत माहिती येणे थांबते, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत नूतनीकरणाचा विषय पुढच्या महिन्यावर गेला की तेवढा काळ संस्था उघडी पडते.

बहुतेक लहान कार्यालयांचे नेटवर्क म्हणजे भक्कम दिंडी दरवाजा असलेला, पण आतल्या एकाही खोलीला कडी नसलेला वाडा असतो. काउंटरवरचे संगणक, व्यवस्थापकांचा लॅपटॉप, कोअर बँकिंगचा सर्व्हर, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि ग्राहकांना दिलेले वायफाय हे सारे एकाच जाळ्यात असते, आणि त्यांपैकी एक यंत्र बाधित झाले तर उरलेल्यांपर्यंत पोहोचायला काहीच आडकाठी नसते. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) हेच दाखवून दिले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते शिरले आणि जगभर शाखा असलेल्या कंपन्यांच्या अंतर्गत नेटवर्कमधून पसरत गेले. विंडोजमध्ये फायलींच्या देवाणघेवाणीसाठी वापरला जाणारा ४४५ क्रमांकाचा पोर्ट (यंत्रावरील ठरावीक सेवेचे क्रमांकित दार) आणि चोरलेले पासवर्ड हे त्याचे मार्ग होते. मर्स्क या जहाज कंपनीला त्याचा जबर फटका बसला आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या जेएनपीटी बंदरातील टर्मिनलचे काम नवी मुंबईत ठप्प झाले. तेथपर्यंत संकट आले ते बंदरावर कोणी थेट हल्ला केला म्हणून नव्हे, तर ते टर्मिनल त्याच जाळ्याला जोडलेले होते म्हणून.

ओपीएनसेन्समध्ये व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर चालणारी पण एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्क, तयार करून आतल्या जाळ्याचे भाग पाडणे सोपे आहे, फक्त त्यासाठी व्हीलॅन समजणारा मॅनेज्ड स्विच (यंत्रांच्या तारा जोडणारी, मांडणी ठरवता येणारी पेटी) सोबत घ्यावा लागतो. आम्ही काउंटर, सर्व्हर, कॅमेरे, कार्यालयीन वायफाय आणि पाहुण्यांचे वायफाय असे भाग केले. नवा भाग तयार केला की त्यातून काहीच बाहेर जाऊ शकत नाही, कारण परवानगीचा नियम लिहिल्याशिवाय ही फायरवॉल वाहतूक सोडत नाही. येथेच पुष्कळांचा धीर सुटतो आणि ‘सर्वांना सर्वत्र परवानगी’ असा एक नियम टाकून मंडळी मोकळी होतात. तसे केले की भाग पाडूनही न पाडल्यासारखेच होते. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो आधी जुळतो तो लागू होतो. म्हणून पाहुण्यांच्या भागात डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची) परवानगी पहिली, सर्व खाजगी आयपी पत्त्यांकडे, म्हणजे संस्थेच्या आतल्या यंत्रांकडे, जाण्याची मनाई दुसरी आणि इंटरनेटची परवानगी शेवटी, असा क्रम ठेवावा. काउंटरच्या भागातून सर्व्हरकडे कोअर बँकिंगला लागतो तेवढाच पोर्ट आणि नेटवर्क प्रिंटरकडे ९१०० एवढे उघडले, तरी रोजचे काम विनातक्रार चालते.

या फायरवॉलची मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे नोंदींचे थेट दृश्य. कॅमेऱ्यांचा भाग वेगळा करून त्याची बाहेरची वाट बंद केली, तेव्हा त्या दृश्यात डीव्हीआरच्या पत्त्यावरून अडवलेल्या प्रयत्नांच्या लाल ओळींची रांगच लागली. रेकॉर्डिंग त्याच यंत्रातील हार्ड डिस्कवर होत असताना ते यंत्र परदेशातील सर्व्हरशी संपर्क साधण्याचा सतत प्रयत्न करत होते. वाट बंद केल्यावरही कॅमेऱ्यांच्या कामात काहीही अडले नाही. संस्थेतील कोणते यंत्र कोणाशी बोलते, हे डोळ्यांसमोर दिसू लागल्यावर नियम लिहिताना अंदाज बांधावा लागत नाही.

सॉफ्टवेअर पुरवठादारांना दुरून काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवण्याची पद्धत अनेक कार्यालयांत दिसते, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरच्या टोळ्यांचा हा आवडता प्रवेशमार्ग आहे. आम्ही तो बंद करून ओपनव्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून संस्थेच्या नेटवर्कपर्यंत जाणारी कूटबद्ध वाट, दिली. तिला मोबाइलवर बदलत राहणाऱ्या सहा अंकी कोडची जोड ओपीएनसेन्समध्येच देता येते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. पुरवठादाराचे खाते एरवी बंद असते; काम असेल तेव्हा ते चालू करून देतो आणि काम आटोपल्यावर पुन्हा बंद करतो. शाखा मात्र वायरगार्ड या तशाच दुसऱ्या साधनाने जोडल्या आहेत. ते हलके आहे आणि फायबरची लाइन तुटून ४जी राउटरवर जावे लागले तरी जोडणी लवकर पूर्ववत होते.

घुसखोरी ओळखणारे सुरिकाटा हे साधन यात अंतर्भूत आहे, परंतु त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. आजची बहुतांश वाहतूक कूटबद्ध असल्याने तिचा मजकूर त्याला दिसत नाही. सुरुवातीला ते केवळ इशारे देण्यापुरते चालू ठेवावे, खोटे इशारे निवडून काढावेत आणि मगच अडवण्याचा अधिकार त्याला द्यावा.

आता उणिवा. रिअलटेकच्या नेटवर्क कार्डांशी फ्रीबीएसडीचे नीट जमत नाही, त्यामुळे जुना संगणक वापरायचा असल्यास त्यात इंटेलची कार्डे आहेत की नाहीत हे आधी पाहावे. कागदपत्रे इंग्रजीत आहेत आणि नियमांची भाषा नवख्याला जड जाते. तालुक्याच्या ठिकाणी ही फायरवॉल जाणणारा तंत्रज्ञ सहज मिळत नाही, आणि माझ्या मते हीच तिची सर्वांत मोठी अडचण आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांच्या आत कळवणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. फायरवॉलच्या मूळ मांडणीत एवढ्या नोंदी राहत नाहीत, म्हणून त्या सिसलॉगने (नोंदी दुसरीकडे पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीने) वेगळ्या यंत्रावर पाठवण्याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी. बाहेरून आत शिरलेला माणूस आधी नोंदी पुसतो, हेही त्या वेगळ्या यंत्राचे एक कारण आहे.

देखभालीचे काम फार नाही, पण ते नियमाने व्हायला हवे. फायरवॉलची सगळी मांडणी एकाच फाइलमध्ये असते. ती पासवर्ड लावून उतरवून ठेवावी आणि वर्षातून एकदा दुसऱ्या यंत्रावर चढवून पाहावी. बसवताना डिस्कवर फायली साठवण्यासाठी झेडएफएस ही पद्धत निवडली असेल, तर अपडेटपूर्वी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेता येतो आणि काही बिघडले तर जुन्या स्थितीवर परतता येते. आम्ही अपडेट सुट्टीच्या दिवशी करतो, यूपीएस पूर्ण भरलेला असताना. प्रशासकाचा पासवर्ड सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवला आहे, आणि मी उपलब्ध नसल्यास तो व्यवस्थापक व अध्यक्ष या दोघांच्या सहीने उघडायचा, असा ठराव कार्यवृत्तात नोंदवून घेतला आहे.