भांडुपचा कान-नाक-घशाचा दवाखाना : चार तारे, पाचवा बाकड्यापायी कापला

स्टेशनच्या पश्चिमेला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वेळ सहाची दिली होती, आत बोलावलं पावणेआठला. बाहेर एकच बाकडं आणि त्यावर पाच जण. पैसे रोखच घेतात. एवढं असून चार तारे देतोय.

गेल्या वर्षी सैन्याच्या अग्निवीर भरतीच्या रॅलीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले, बीमवर दहा पुलअप्स काढले. ग्राउंडचे शंभरपैकी शंभर. आजोळ सातारा जिल्ह्यातलं, तिकडे पेढेही ठरले होते. आणि अडकलो मेडिकलला. कागदावर शेरा : दोन्ही कानांत मळ, पडदा दिसत नाही, टेम्पररी अनफिट. मळ काढून लष्करी हॉस्पिटलात पुन्हा दाखवायचं होतं, पण ठरलेल्या मुदतीत. आमच्या अकॅडमीच्या सरांनी कागद धड वाचलाही नाही. "नाकाचं हाड वाकडं असणार तुझं. ऑपरेशन करून टाक, आपले ओळखीचे डॉक्टर आहेत." चाळीस हजार! आई भिशी उचलायला निघाली. ही जुळवाजुळव चालली होती तोवर मुदत संपून गेली.

आता वय 20, वयाची मर्यादा जवळ आलेली. यंदा फॉर्म, ऑनलाइन परीक्षा, सगळं पहिल्यापासून केलं. ग्राउंडच्या तीन आठवडे आधी मात्र इथे आलो.

डॉक्टर मॅडमनी आधी जुना कागद मागितला. वाचला. "यात नाक कुठे लिहिलंय?" तरी नाक तपासलं. हाड किंचित वाकडं आहे, पण श्वास दोन्हीकडून मोकळा. म्हणाल्या, याला कशाला कापायचं?

कानात घालायचे थेंब दिले, पाच दिवस, दिवसातून तीनदा. मळ भिजून फुगतो, त्यामुळे ते पाच दिवस मी जवळजवळ बहिराच होतो. आई हाका मारून थकली. सहाव्या दिवशी सक्शन, म्हणजे मशीनच्या नळीने मळ ओढून काढणं. दुखत नाही, पण आवाज भयानक आणि डोकं थोडं गरगरतं. डाव्या कानातून निघालेला गोळा मॅडमनी गॉझवर ठेवून दाखवला. चिंचोक्याच्या रंगाचा, आणि त्याच्या मागच्या टोकाला कापूस! म्हणजे साफ करतोय म्हणून रोज अंघोळीनंतर कानकाडीने मीच तो आत ठासत होतो.

खुर्चीवरून उठलो तर पंख्याची किरकिर ऐकू आली. खाली स्टेशनवरची घोषणासुद्धा, शब्द न् शब्द.

तपासणीचे 500, सक्शनचे 800. पावती न मागता दिली. (कानातला मळ काढून या, हे रॅलीच्या जाहिरातीतच छापलेलं असतं. मी फक्त वय आणि उंचीच्या ओळी वाचल्या होत्या.)

यंदा मेडिकलला डॉक्टरांनी एका कानात बघितलं, दुसऱ्यात बघितलं आणि न बोलता पुढच्या टेबलाकडे बोट केलं. गेल्या वर्षी याच टेबलापाशी दहा मिनिटं उभा होतो.

जाणार असाल तर सुटे पैसे ठेवा. गुरुवारी बंद असतं, पाटी खाली लावलेली नाही. मी दोन मजले चढून परत आलोय.