बर्फ काढायचे आगाऊ पैसे आणि एक निळी बादली

पानगळ सुरू झाली की दारात पत्रकं येऊन पडतात. ‘हिवाळाभर बर्फाची काळजी सोडा.’ मी सोडली, आणि ते चांगलंच महागात पडलं. यंदा तुम्ही अशा कुणाला होकार द्यायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा.

माणूस बोलायला गोड. आल्या आल्या घरासमोरची जागा पावलांनी मोजली. 4 मीटर रुंद, 10 मीटर लांब. मग हिशोब मांडला: 30 सेंमी बर्फ पडला की 12 घनमीटर झाला. ताजा, भुसभुशीत असला तरी वजन टनभर भरतं, ओला असेल तर त्याच्या तिप्पट. “तुमची पाठ आहे का तेवढी?” नव्हती. हिशोब बरोबर होता, हे मी नंतर ताडून पाहिलं. म्हणूनच तर त्याच्या पुढच्या बोलण्यावरही विश्वास बसला.

सगळे पैसे एकरकमी दिले तर सूट. कार्ड नको, थेट खात्यात टाका. कागद वगैरे काही नाही, फोनवरचा एक मेसेज: ‘संपूर्ण हंगाम, निश्चिंत राहा.’ किती सेंमी पडल्यावर येणार, किती तासांत येणार, काढलेला बर्फ कुठे टाकणार, यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. मी विचारलंही नाही.

पहिल्या बर्फाला तो पहाटेच हजर. काम इतकं स्वच्छ, की मी शेजाऱ्यांनाही त्याचा नंबर दिला. (त्याबद्दल अजून बोलणी खातोय.) साफ केलेल्या जागेचा फोटोही त्याने पाठवला. पायऱ्यांजवळ माझी वाळूची निळी बादली दिसत होती.

त्यानंतर तीन आठवडे मी गावाबाहेर होतो. जाताना गाडी आत लावणार होतो, तर म्हणाला, रस्त्यावर ठेवा, म्हणजे मला कोपऱ्यापर्यंत साफ करता येईल. पार्किंगची बंदी फक्त मोठ्या रस्त्यांवर असते, असंही तोच म्हणाला. हे मी नगरपालिकेला एका फोनवर विचारू शकलो असतो. अनेक शहरांत मोठा हिमवर्षाव जाहीर झाला की रस्त्याची एक बाजू किंवा अख्खा रस्ता स्नोप्लाऊसाठी, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या गाडीसाठी, मोकळा ठेवावा लागतो, आणि तो नियम गल्लीलाही लागू असू शकतो. आमच्या गल्लीला होता.

त्या तीन आठवड्यांत चार वेळा बर्फ पडला आणि चार वेळा फोटो आला. एका रात्री पारा उणे 18 वर गेला, तेव्हा बर्फ वितळवायला मीठ टाकल्याचे वेगळे पैसे मागितले. तेही दिले. साधं मीठ उणे 10 च्या खाली जवळपास निकामी असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. अशा रात्री पकड मिळावी म्हणून वाळू टाकतात किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. अर्थात त्याने मीठही टाकलं नव्हतंच.

परत आलो तर दाराला दंडाची नोटीस. घरासमोरचा फुटपाथ साफ न केल्याबद्दल, कारण ती जबाबदारी घरमालकाची. गाडी जागेवर नाही, उचलून नेलेली. दंड वेगळा आणि ठेवणावळ दिवसागणिक वाढलेली. अंगणात गुडघाभर बर्फ, आणि तोंडाशी प्लाऊने रस्त्यावरून ढकललेला बांध गोठून दगड झालेला. तेव्हा कुठे मी ते चार फोटो नीट पाहिले. सगळ्यांत निळी बादली होती. ती तर पहिल्याच थंडीत तडकली म्हणून गावाला जाण्याआधी मी स्वतः कचऱ्यात टाकली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी सोडवून आणली आणि मागे घेताना तिचं शेपूट त्या बांधात रुतलं. त्याला फोन केला. “अर्ध्या तासात येतो.” मी काचा बंद करून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून वाट पाहत बसलो. डोकं जड व्हायला लागलं, ते मी रागाचं समजलो. समोरच्या आजोबांनी काच ठोठावली आणि मला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. सायलेन्सरची नळी पूर्ण बर्फात बुडाली होती. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पैशांचं दुःख अजून आहे, पण रात्री झोप उडते ती या अर्ध्या तासाने. बर्फात अडकलात तर इंजिन सुरू करण्याआधी ती नळी मोकळी करा, आणि पुन्हा पडायला लागला तर उतरून परत बघा.

तो अर्थातच आला नाही. आधी म्हणाला, “5 सेंमीच्या खाली मी येत नाही.” बर्फ त्याहून जास्त होता हे दाखवल्यावर 5 चे 10 झाले. मग बांध ही नगरपालिकेची चूक झाली, मग फोन बंद. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. कार्डाने दिले असते तर निदान हरकत घेता आली असती. तक्रार नोंदवून ठेवली आहे.

आता शेजारचाच एक मुलगा येतो. दर खेपेचे पैसे, काम डोळ्यांनी पाहिल्यावर.

गेल्या आठवड्यात नवं पत्रक आलं. नाव वेगळं, नंबर वेगळा. खाली कामाचा नमुना म्हणून एका साफ अंगणाचा फोटो, आणि पायऱ्यांजवळ माझी निळी बादली.