‘ॲसिडिटीची उशी’, पण लकव्यानंतरच्या जोडप्यासाठी

तालुक्याच्या सर्जिकल दुकानात ही उतरती फोमची उशी ॲसिडिटीसाठी म्हणून विकतात. लकव्यानंतर नवरा-बायकोला पुन्हा जवळ यायला ती किती कामाची, हे दुकानदार सांगत नाही आन् गिऱ्हाईक विचारत नाही. इथं तेवढंच पाहिलंय.

माप 24 बाय 24 इंच, उंची 12. उतार झकास. पाठ टेकून अर्धवट बसता येतं, दम कमी लागतो, अंगाचा भार लुळ्या हातावर येत नाही. कुशीवर व्हायचं असेल तर उशी पाठीला लावा. लकव्याची बाजू खाली ठेवली की चांगला हात मोकळा राहतो. फक्त खालचा खांदा मागून, फऱ्याला (खांद्यामागच्या चपट्या हाडाला) धरून अलगद पुढे घ्यायचा. हात धरून ओढला तर सांधा निखळू शकतो. खांदा आधीच दुखत असेल तर दुसरी कूस, आणि लुळ्या हाताखाली छोटी उशी. ती सोबत मिळत नाही, हा मोठा दोष.

दुसरा दोष रेक्झिनचं कव्हर. मे महिन्यात कूलरसमोरही घामानं उशी सरकते. बधिर अंगाला काही रुततंय हे कळत नाही, म्हणून वरून सुती खोळ शिवा आणि नंतर कातडी लाल झाली का ते पाहा. सुतळीच्या बाजेवर उतार मोडतो, दिवाण हवा. आणि पेशंटची बाज सपरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर असेल तर आधी ती आतल्या खोलीत न्या, मग उशी घ्या. गादीवाल्याकडची कापसाची उशी स्वस्त पडते, पण कापूस लवकर बसतो.

उशीबरोबरच्या पत्रकात हे छापायला हवं होतं: बीपी काबूत आहे ना, हे डॉक्टरला सरळ विचारा. आधी लघवीला जाऊन या. सकाळची, थकवा नसलेली वेळ बरी. स्पर्श चांगल्या बाजूनं सुरू करा. बीपीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी इच्छा, लिंगाची ताठरता कमी होते. परस्पर बंद करू नका, बदलून मागा. सॉर्बिट्रेट (हृदयविकारातल्या छातीदुखीची गोळी) घेणाऱ्यानं ताठरतेची गोळी घेतली तर बीपी धोकादायक उतरतं. बाईला लकवा झाला असेल तर माला-डी ही गर्भनिरोधक गोळी नको, त्यातल्या इस्ट्रोजेननं गुठळीचा धोका वाढतो. तांबी चालते, किंवा आशाताईकडचा निरोध. त्याबरोबर खोबरेल नको, निरोध फाटतो.

पाचपैकी साडेतीन. छोटी उशी जोडून दिली तर चार.